रंगुबाईंनी पारखलेली सून

मनकर्णाबाईंना काय झालंय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी नवऱ्याने स्वतःच्या हाताने चहा आणून दिला, बशीत दोन खारी ठेवल्या आणि वर "साखर बराबर हाय ना?" असं विचारलं, तेव्हाच त्यांनी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

गोरक्षनाथ गाडेकर हा माणूस वाईट नव्हता. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला चहा देणं सोडाच, स्वतःची रिकामी कपबशी उचलून मोरीत ठेवल्याचंही कुणी पाहिलं नव्हतं. असा नवरा एकाएकी साखरेची चौकशी करायला लागला, तर बाईने घाबरायचं नाही तर काय करायचं?

झालं होतं असं. दिवाळीनंतर मनकर्णाबाईंना खोकला लागला. राहात्याच्या अलीकडे त्यांची पेरूची बाग, हंगाम ऐन भरात आलेला, तोडणीला माणसं मिळेनात. खोकल्याकडे बघायला सवड कुणाला होती? मग एके दिवशी खोकताना पदराला रक्ताचा डाग लागला. मुलगा ज्ञानेश्वर त्यांना गाडीत घालून राहात्याला घेऊन गेला. एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसात वरच्या अंगाला लिंबाएवढी गोल सावली दिसली. मग दुसऱ्या एका ठिकाणी सीटी स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी ज्ञानेश्वरला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की वय साठीच्या पुढचं, वजन उतरलेलं, थुंकीतून रक्त आणि त्यात ही गाठ, तेव्हा बहुतेक कॅन्सरच. ज्ञानेश्वर दोन मिनिटं भिंतीला टेकून उभा राहिला, डोळे पुसले आणि आईजवळ येऊन म्हणाला, "काई न्हाई आई, कफाची गाठ हाय."

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आजार ज्याला झालाय त्याला तेवढा सांगायचा नाही, बाकी गावभर सांगायचा. दुधाच्या टेम्पोवाल्याला माहीत होतं, पेरूच्या व्यापाऱ्याला माहीत होतं, खताच्या दुकानात तर सविस्तर चर्चा झाली होती. पाव्हणेरावळे बिस्किटांचे पुडे घेऊन येऊ लागले. यायचे, मनकर्णाबाईंच्या तोंडाकडे बघायचे, रुमालाने डोळे टिपायचे आणि "कफावर अडुळसा लई चांगला" असं सांगून निघून जायचे. कफापायी एवढं कोण रडतं हो? मनकर्णाबाईंना सगळं समजत होतं. त्या गप्प राहिल्या, कारण आपल्याला समजलंय हे कळलं तर पोराचा धीर सुटेल असं त्यांना वाटत होतं.

या दिवसांचा त्यांनी फायदा उठवला नाही, असं म्हणणं मात्र साफ खोटं ठरेल. सहा वर्षं तुंबत असलेली मोरी त्यांनी दोन दिवसांत दुरुस्त करून घेतली. नवऱ्याची तंबाखू बंद केली. "माझ्या डोळ्यादेखत सोडा, म्हंजे झालं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गोरक्षनाथांनी डबी थेट विहिरीत भिरकावली. सून मोनिका रोज विचारायची, "आई, आज काय करू खायला?" मनकर्णाबाईंनी एकदा शेंगोळी सांगितली, एकदा मासवडी, एकदा पुरणपोळी; पुरणपोळी खाताना मात्र त्यांच्या मनात आलं की पुढच्या होळीला आपण असू का, आणि घास गिळेना. त्या उठून न्हाणीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडल्या. बाहेर आल्यावर मोनिकाला म्हणाल्या, "जायफळ जास्त झालं गं."

तर मरणाची भीती होतीच. पण मनकर्णाबाईंची आणखी एक भीती होती, तिच्याहून जुनी आणि तिच्याहून मोठी, आणि ती पलीकडच्या खोलीत बाजेवर बसून सुपारी कातरत होती.

रंगुबाई म्हणजे त्यांची सासू. वय चौऱ्याऐंशी, दात स्वतःचे, नजर घारीची. कानांना कमी ऐकू येतं असं त्यांचं म्हणणं होतं, पण शेजारच्या वस्तीवर कुणी त्यांचं नाव घेतलं तरी त्यांना ऐकू जायचं. या रंगुबाईंना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. जमिनीचा नाही, लेकाचा तर नाहीच नाही. आपण सून कशी पारखून आणली, याचा.

ती हकिगत त्यांनी एवढ्या वेळा सांगितली होती, की वस्तीवरच्या शेळ्यांनाही पाठ झाली असेल. त्या काळी मुलगी बघायला बाप्ये जात. रंगुबाई म्हणाल्या, मीच जानार. गेल्या त्या थेट राजूरला, डोंगरात. मुलीच्या बापाने पोहे पुढे केले, तर म्हणाल्या, "पवं नगं. पोरीला वड्यावरनं पानी आनायला सांगा." एकोणीस वर्षांची मनकर्णा दोन हंडे डोक्यावर आणि एक कळशी काखेत घेऊन खडा चढ चढून आली, आणि रंगुबाई तिच्या शेजारून चालत मुद्दाम प्रश्न विचारत राहिल्या. किती भाकरी थापतेस, भावंडं किती, सगळं विचारलं. मुलगी उत्तरं देत वर आली, पण धाप म्हणून लागली नाही. रंगुबाईंनी तिथल्या तिथे नारळ दिला. तेव्हापासून कुठेही लग्नाची बोलणी निघाली की त्या सांगत, "रंग काय बघता, छाती बघा! माझ्या सुनंची छाती म्हंजी लव्हाराचा भाता. चाळीस वर्सांत साधं पडसं न्हाई."

यातली खरी गंमत फक्त मनकर्णाबाईंना ठाऊक होती. हंडे उतरवल्यावर ती पोरगी गोठ्यामागे गेली होती आणि पदर दातांत धरून डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत खोकली होती. कारण त्याआधी दोन वर्षं, सतराव्या वर्षी, तिला टीबी झाला होता. पहिले तीन महिने रोज सुई, मग गोळ्या, सगळं मिळून दीड वर्ष. बापाने भावकीत सांगितलं होतं, पोरगी संगमनेरला मावशीकडं शिवण शिकायला गेलीय. आजार पुरता बरा झाला, थुंकी तपासली, डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून घरी धाडलं. पण लग्न ठरल्यावर आईने तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि सांगितलं, "मरेपत्तूर ह्यो शब्द तोंडातनं काढायचा न्हाई."

मनकर्णाबाईंनी तो काढला नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. रंगुबाई कुणाला बजावायच्या, "टीबीवाल्या घरात सोयरीक करू नगा," तेव्हा त्या मुकाट्याने आमटी ढवळायच्या. आमटी बेचाळीस वर्षं उगीच जास्त ढवळली गेली, एवढंच.

सावेडीच्या डॉक्टरांचं नाव मोनिकाने काढलं. तिची बहीण नगरला सावेडीत राहायची आणि तिच्या मुलाचा दमा याच डॉक्टरांनी आटोक्यात आणला होता. ऑपरेशनच्या गोष्टी करण्याआधी यांचं एक मत घेऊ, असं ठरलं. ज्ञानेश्वर गाडी चालवणार, गोरक्षनाथ शेजारी आणि मागे मनकर्णाबाई. गाडी निघणार तोच मागचं दार उघडलं आणि रंगुबाई आत येऊन बसल्या. "सुनंला एकली सोडायची न्हाई," त्या म्हणाल्या. पुढे काय होणार होतं याची कल्पना असती, तर मनकर्णाबाईंनी तिथेच गाडीचं दार आतून लावून घेतलं असतं.

डॉक्टर देवश्री तरुण होत्या, पस्तिशीच्या आत-बाहेर. पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं मोकळं. रंगुबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलाला ऐकू जाईल एवढ्या बेताने म्हणाल्या, "ही डॉक्टरीन? हिला भाकरी तरी येती का?"

"येते आजी, पण गोल नाही होत," देवश्री म्हणाल्या आणि त्यांनी सीटीच्या फिल्म उजेडावर लावल्या. बराच वेळ त्या पुढे झुकून एका चित्राकडे बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "पहिल्या डॉक्टरांना जी शंका आली ती..."

ज्ञानेश्वर आईच्या पाठीमागून दोन्ही हात हलवून खुणा करू लागला. गोरक्षनाथ मोठ्याने खाकरले.

देवश्री थांबल्या. "पेशंटला माहीत नाही का?"

"मला समदं माहीत हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मला माहीत हाय हे ह्यांना माहीत न्हाई. बोला तुमी, क्यान्सर ना?"

ज्ञानेश्वरचे हात हवेतच राहिले. महिनाभर त्याने केलेलं नाटक फुकट गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्या क्षणी फार हलकं वाटलं.

"तसं वाटतंय खरं," देवश्री म्हणाल्या. "पण मला एक गोष्ट खटकते. ही गाठ एका पोकळीत बसल्यासारखी दिसते. हे बघा, गाठीच्या वरच्या बाजूला हवेची बारीक कोर आहे. कॅन्सरची गाठसुद्धा आतून सडून पोकळ होऊ शकते, म्हणून मी लगेच काही म्हणत नाही. पण पोकळी आधीपासून असेल तर सगळी गोष्टच बदलते. मावशी, तुम्हाला पूर्वी कधी टीबी झाला होता?"

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं, पण त्या बोलण्याआधीच शेजारून आवाज आला.

"टीबी? अवो बाई, माझी सून मी पारखून आनलीया! दोन हंडं डोक्यावर, कळशी काखंत..." आणि रंगुबाईंनी राजूरची सगळी हकिगत ओढ्यापासून नारळापर्यंत सांगितली.

देवश्रींनी शांतपणे ऐकून घेतली आणि पुन्हा विचारलं, "मावशी, तुम्ही सांगा."

"न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

हे बोलल्या आणि त्यांना स्वतःचाच राग आला. काय पण बाई! मरण दारात उभं आहे, डॉक्टरीण हात धरून विचारतेय, आणि ही सासूला भिऊन खोटं बोलतेय. पण भीतीला कुठे अक्कल असते? आता सासूबाईंनी भरल्या खोलीत एवढी बढाई मारल्यावर त्यांच्या तोंडावर ती खोटी पाडायची कशी? एकच मार्ग होता. डॉक्टरांना एकटं गाठायचं आणि कानात सांगायचं.

देवश्रींना काहीतरी जाणवलं असावं. त्या म्हणाल्या, "मी मावशींना तपासते, बाकीच्यांनी जरा बाहेर बसा." गोरक्षनाथ आणि ज्ञानेश्वर उठले. रंगुबाईंना नेमकं तेवढं वाक्य ऐकू आलं नाही. पडद्यापलीकडे देवश्री पाठीला नळी लावत होत्या, तेव्हा मनकर्णाबाई पुटपुटल्या, "बाई, येक सांगायचं हुतं..." तोच पडदा सरकला आणि रंगुबाईंचं डोकं आत आलं. "काय गं, काय सांगायचंय?"

"नळी गार हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रक्त तपासायला दिलं, थुंकी दिली, आणि चार वाजता पुन्हा यायचं ठरलं. दुपारी मोनिकाच्या बहिणीकडे जेवण झालं. रंगुबाईंचा डोळा लागला असं बघून मनकर्णाबाई मोबाईल घेऊन गॅलरीत गेल्या आणि त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "नाव? वय? तक्रार काय?" पलीकडच्या मुलीने भराभरा विचारलं.

"डॉक्टरांना सांगा, मला टीबी..."

"जरा मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"टीबी..."

"अजून मोठ्याने!"

मनकर्णाबाईंनी मोठा श्वास घेतला आणि मागे वळून पाहिलं. गॅलरीच्या दारात रंगुबाई उभ्या होत्या. "कुनाला टीवी घ्यायचाय?" त्यांनी विचारलं. मनकर्णाबाईंनी फोन बंद केला.

चार वाजता देवश्रींचा चेहरा सकाळइतका हसरा नव्हता. रक्तात वेगळं काही सापडलं नव्हतं, थुंकीच्या तपासणीला दिवस लागणार होते. "टीबी झालेला नाही, तर मी थांबून धोका पत्करणार नाही," त्या म्हणाल्या. "पुण्याला एका सर्जनकडे पाठवते. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग काढावा लागेल असं दिसतंय." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. गोरक्षनाथ खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

तेवढ्यात रंगुबाईंनी टेबलावर हात आपटला.

"ओ बाई, ल्ह्यायचं थांबवा. हिचं फुफ्फुस कापू नगा. माझं काढा आन हिला लावा."

"आजी, तसं नसतं करता येत..."

"का न्हाई? माझं चांगलं हाय. चौऱ्याऐंशी वर्सं वापारलंय, पन ह्या वर्सीबी बागंतून चालत जातीया मी. मला आता काय करायचंय त्याचं? हिला नातवाचं लगीन बघायचंय, हिला लई कामं हायती." रंगुबाईंचा आवाज फाटला. त्यांनी लुगड्याच्या पदराने नाक पुसलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "घ्या ल्ह्यून. मी अंगठा द्याया तयार हाय."

आता मात्र मनकर्णाबाईंना राहवेना. ही बाई आपल्याला छाती कापून द्यायला निघालीय आणि आपण हिला एक खरा शब्द सांगत नाही! आईची शपथ, भावकी, सगळं त्यांच्या मनातून उडून गेलं.

"बाई, मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एवढा मोठा होता की बाहेरच्या बाकांवरची माणसं गप्प झाली. "मला टीबी झाला हुता. लग्नाच्या आदी, सतराव्या वर्सी. दीड वर्स दवा खाल्ली."

उभे असलेले गोरक्षनाथ खाली बसले. ज्ञानेश्वर आईकडे बघतच राहिला. रंगुबाईंनी काही ऐकलं की नाही ते कळेना. त्या समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"अहो मावशी, मग सकाळी का नाही..." देवश्री बोलता बोलता थांबल्या. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा सासूकडे, आणि पुढचा प्रश्न गिळला. चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "टीबी बरा होतो, पण कधी कधी जाताना फुफ्फुसात एक रिकामी जागा सोडून जातो. हवेत बुरशी असतेच, श्वासाबरोबर ती सगळ्यांच्याच छातीत जाते. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. बहुतेकांचं त्यानं काही बिघडत नाही. पण तिला अशी रिकामी खोली मिळाली, तर ती तिथे बिऱ्हाड करते. वाढत जाते, गोळा होतो. एक्स-रेत तो अगदी कॅन्सरच्या गाठीसारखा दिसतो, आणि रक्तही पडतं."

"बुरशी? भाकरीला येती ती?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"तिचीच भावकी समजा."

"मंग वळखायचं कसं?"

"कॅन्सरची गाठ भिंतीला धरून असते. बुरशीचा गोळा बऱ्याचदा सुटा असतो, खुळखुळ्यातल्या खड्यासारखा. आधीचा स्कॅन मावशींना उताणं झोपवून काढलाय. आता आपण पालथं झोपवून काढू. गोळा जागचा हलला, तर पुष्कळ काही कळेल."

स्कॅन सेंटर दोन गल्ल्या सोडून होतं. मनकर्णाबाई त्या मोठ्या कडीसारख्या मशीनमध्ये पालथ्या झोपल्या. "श्वास रोखा," आतून सूचना आली. श्वास रोखण्यात त्या पहिल्यापासून पटाईत होत्या. तेवढ्या वेळात त्यांनी ना देवाचं नाव घेतलं ना लेकाचं. त्या थेट गाठीशीच बोलल्या. हाल गं बाये, हाल, तुझ्या पाया पडते, एवढ्या बारीला हाल.

देवश्रींनी कॉम्प्युटरवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. पहिल्यात गोळा पाठीकडच्या बाजूला टेकलेला होता आणि हवेची कोर वर. दुसऱ्यात तोच गोळा पोकळीतून घरंगळून छातीकडच्या बाजूला येऊन बसला होता आणि कोर त्याच्या मागे गेली होती.

"आरं, हालली की!" गोरक्षनाथ ओरडले आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. स्कॅन सेंटरमध्ये कुणी टाळी वाजवल्याचं तिथल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"थांबा, थांबा," देवश्री म्हणाल्या, पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं. "जवळजवळ नक्की बुरशीच आहे. पण थुंकीचा रिपोर्ट आणि रक्ताची बुरशीसाठीची खास तपासणी आल्याशिवाय मी शब्द देणार नाही. दहा दिवस लागतील. रिपोर्ट तसेच आले तर गोळ्या सुरू करू, आणि रक्त जास्त पडलं तरच ऑपरेशनचा विचार. तोवर पेढे वाटायचे नाहीत."

गोरक्षनाथांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक किलो पेढे घेतले. "वाटत न्हाई, नुस्तं घिऊन ठेवतो," ते म्हणाले. परतीच्या वाटेवर बाप-लेक मिळून इतके हसले, इतकं बोलले, की राहुरी कधी मागे पडलं ते कळलं नाही. बायकोने बेचाळीस वर्षं आजार लपवला याचं गोरक्षनाथांना थोडं वाईट वाटलं होतं, पण देवळालीपर्यंत तेही ओसरलं. बायको राहतेय, मग बाकी काय?

बोलत नव्हत्या फक्त रंगुबाई.

घरी आल्यावरही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. ज्या बाईचं तोंड चौऱ्याऐंशी वर्षांत कधी मिटलं नव्हतं, ती बाजेवर बसून नुसती सुपारी कातरायची आणि कातरलेली खायचीही नाही. राजूरची हकिगत बंद झाली. मनकर्णाबाईंची मोठी पंचाईत झाली. कॅन्सर नसल्याचा आनंद मनात मावत नव्हता, पण तो करायलासुद्धा सासूची परवानगी हवी असं त्यांना वाटायचं.

त्यात आणखी एक झालं. न्हाणीच्या पाण्यासाठी मागच्या अंगाला चूल होती आणि ती पेटवणं वर्षानुवर्षं मनकर्णाबाईंचं काम. चौथ्या दिवशी त्या उठून गेल्या, तर रंगुबाई आधीच चुलीपुढे बसलेल्या. सुनेला बघून त्यांनी फुंकणी मांडीखाली सारली आणि हाताने 'तिकडे हो' अशी खूण केली. पाचव्या दिवशी तेच. मनकर्णाबाईंनी काय ते ओळखलं. म्हणजे आता आपला हात पाण्यालाही नको झाला. टीबीवाली बाई ना आपण! त्या मागे फिरल्या आणि दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

दहाव्या दिवशी दुपारी देवश्रींचा फोन आला. थुंकीत बुरशी सापडली होती, रक्ताची तपासणीही तेच सांगत होती. कॅन्सरच्या पेशी कुठेही नाहीत, टीबीही पुन्हा झालेला नाही. ज्ञानेश्वरने फोन ठेवला आणि आईला उचलून गोल फिरवलं, तेव्हा मोनिका ओरडली, "अहो, त्यांना खाली ठेवा, खोकला येईल!" गोरक्षनाथांनी पेढ्यांचा पुडा काढला. तो निम्मा रिकामा होता. दहा दिवसांत कोण खात होतं ते कुणी विचारलं नाही. दुधाचा टेम्पोवाला, पेरूचा व्यापारी, सगळ्यांना फोन गेले. एका लांबच्या पाव्हणीने तर "म्हंजी आता भेटायला येऊ का नको?" असंही विचारलं.

गडबड शांत झाल्यावर पलीकडच्या खोलीतून हाक आली.

"मनकर्णे. हिकडं ये."

मनकर्णाबाई गेल्या आणि बाजेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्यांचं वय बासष्ट, पण त्यांनी नव्या सुनेसारखा पदर डोक्यावरून सारखा केला.

"बस वर," रंगुबाई म्हणाल्या. "पुसाच्या थंडीत पहाटचं पान्याची दारं धराया तुला कोन धाडायचं?"

"तुमीच की, आत्याबाई."

"आन ओली लाकडं फुकाया कोन बसवायचं? डोळं लाल व्हस्तवर?"

"तुमीच. पन समद्याच सासवा त्या वक्ताला..."

"समद्यांचं नगं सांगू मला!" रंगुबाई ओरडल्या. दहा दिवसांचा आवाज एकदम बाहेर आला. "छातीत भगदाड घिऊन तू गुडघाभर पान्यात हुबी ऱ्हायची, आन मी बांधावरनं वरडायची, पाय उचल म्हनून. आता दहा दिस त्येच दिसतंय मला. जेवन जात न्हाई. त्या धुराजवळ पुन्यांदा गेलीस तर फुंकनीनंच हाननार हाय तुला, सांगून ठेवते." त्यांनी श्वास घेतला. "आगं, येक शब्द बोलली असतीस. मी काय वाघीन हाय का?"

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणजे चुलीपासून त्यांना हाकललं होतं ते यासाठी! 'जाऊ द्या, झालं गेलं' असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण एक खोटं बेचाळीस वर्षं सांभाळून त्या दमल्या होत्या, नवं कशाला सुरू करायचं?

"आत्याबाई," त्यांनी विचारलं, "राजूरलाच मी सांगितलं असतं, तर तुमी मला सून करून घेतलं असतं का?"

रंगुबाईंनी चटकन तोंड उघडलं. 'व्हय' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्या थांबल्या. बाहेर गोरक्षनाथ फोनवर कुणाला तरी बुरशी म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

"न्हाई," रंगुबाई शेवटी म्हणाल्या. "आल्या पावली माघारी फिरले असते."

मग रंगुबाईंनी सुनेला जवळ ओढलं, तिच्या पाठीवर उजव्या बाजूला, जिथे डॉक्टरीण नळी लावत होती तिथे, आपला सुरकुतलेला हात ठेवला आणि तिचा श्वास वर-खाली होताना बघत राहिल्या.

"मंग बरं केलंस," त्या म्हणाल्या. "न्हाई सांगितलंस त्येच बरं केलंस, पोरी."